गोव्यातील उन्हाळी लग्नाला पाहुणे म्हणून जाताना: पोशाख कसा निवडावा

नागपूरचा ४३-४४ अंशांचा उन्हाळा सोसलेली माझी मावसबहीण पहिल्यांदा मे महिन्यात फोंडा तालुक्यातील एका देवळात लग्नाला आली, तेव्हा गोव्याचे तापमान ३४ अंश असल्याचे वाचून ती अगदी निर्धास्त होती. तिने मावशीची जुनी भरजरी पैठणी नेसली होती, मरून रंगाचा ब्लाउज जाड रॉ सिल्कचा होता आणि त्याला आतून सॅटिनचे अस्तर होते. मुहूर्त साडेबाराचा होता. अकरा वाजेपर्यंत ब्लाउजच्या काखा ओल्या झाल्या, बारा वाजता पदर पाठीला चिकटला आणि अक्षता पडल्यावर ती पंगतीत न बसता अग्रशाळेतील, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेतील, खोलीत पंख्याखाली जाऊन बसली. साडी उतरवल्यावर पाहतो तो घामाने ब्लाउजचा रंग सुटून पैठणीच्या पदराला लागलेला होता. तो डाग आजतागायत गेलेला नाही.

तिची चूक निष्काळजीपणाची नव्हती. तिने आपल्या गावच्या उन्हाळ्याचा हिशेब गोव्याला लावला होता. विदर्भात किंवा पुण्यात अंगावर आलेला घाम कोरड्या हवेत पटकन उडतो आणि उडताना अंग थंड करतो. गोव्यात समुद्र आणि खाड्या यांमुळे हवेत आधीच भरपूर बाष्प असते, त्यामुळे घाम लवकर उडत नाही, तो कापडात मुरतो आणि तेथेच राहतो. म्हणून गोव्यातील उन्हाळी लग्नासाठी कपडा निवडताना पहिला प्रश्न रंगाचा, काठाचा किंवा किमतीचा नसावा. हे कापड घामाचे काय करते, हा असावा. या एका प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले की बाकीची निवड बरीच सोपी होते. गोव्यातील लग्नाला प्रथमच निघालेल्या पाहुण्यांनी ती निवड कोणत्या क्रमाने करावी, हे पुढे मांडले आहे.

पहिली पायरी: पत्रिका पोशाखाच्या नजरेने वाचा

पत्रिका आली की आपण वधूवरांची नावे वाचतो, तारीख पाहतो आणि ती कपाटावर ठेवून देतो. पोशाख ठरवण्यासाठी मात्र तिच्यातील वेळ आणि स्थळ या दोन ओळी पुन्हा वाचाव्यात, आणि जे पत्रिकेत लिहिलेले नसते ते यजमानांच्या घरी फोन करून विचारावे: कार्य छपराखाली आहे की उघड्यावर, सभागृह वातानुकूलित आहे का, पादत्राणे कोठे काढावी लागतील आणि लग्न लागल्यावर स्वागत समारंभ त्याच जागी आहे की दुसरीकडे. असे विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. गोव्यातील घरांना बाहेरगावच्या पाहुण्यांची सवय आहे आणि काकू-मावश्या अशा गोष्टी अगदी आपुलकीने, सविस्तर सांगतात.

लग्न देवळात असेल तर बहुधा ते फोंडा तालुक्यात असते. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, नागेशी, रामनाथी येथील देवस्थाने गोव्याबाहेरच्याही असंख्य मराठी कुटुंबांची कुलदैवते असल्याने पाहुण्यांत मुंबई-पुण्याची मंडळी पुष्कळ असतात. अनेक देवस्थानांनी पोशाखाविषयीचे नियम आवारात फलकावर लावलेले आहेत, त्यामुळे बिनबाह्यांचा ब्लाउज, तोकडा झगा किंवा अर्धी विजार घालून गेल्यास दर्शनाला अडवले जाण्याची शक्यता असते. बाह्या निदान दंडापर्यंत आणि घेर निदान पोटरीपर्यंत, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. देवळाच्या प्रांगणात अनवाणी चालावे लागते आणि दुपारी बाराच्या उन्हात तेथील फरशी अक्षरशः चटके देते. पिशवीत पातळ सुती मोज्यांचा एक जोड असला की हा त्रास वाचतो. मुले आणि वयस्क मंडळी बरोबर असतील तर त्यांचेही मोजे घ्यावेत.

घरासमोरच्या मांडवात, ज्याला गोव्यात माटव म्हणतात, लग्न असेल तर उकाडा सर्वांत जास्त जाणवतो, कारण वर ताडपत्री किंवा पत्रा असतो, बाजूला कापड बांधलेले असते आणि वारा अडतो. अशा ठिकाणी सर्वांत हलका पोशाख घालावा. पणजी, मडगाव, म्हापसा येथील वातानुकूलित सभागृहांत याउलट अनुभव येतो. भर दुपारी बाहेरून आल्यावर ओले अंग गारठते, म्हणून एक पातळ शाल किंवा ओढणी जवळ असावी.

ख्रिस्ती लग्नाचे आमंत्रण असेल तर पोशाखाचा विचार दोन भागांत करावा लागतो. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात ख्रिस्ती लग्ने सहसा लागत नाहीत, त्यामुळे ईस्टर उलटला की एप्रिल-मे महिन्यांत अशी आमंत्रणे येऊ लागतात. चर्चमधील विधी बहुतेक वेळा दुपारनंतर असतो आणि स्वागत समारंभ संध्याकाळी उशिरा, बँड, टोस्ट आणि नृत्य यांच्यासह असतो. चर्चमध्ये खांदे झाकलेले असावेत. झगा बिनबाह्यांचा असेल तर त्यावर शाल घ्यावी. पांढरा रंग वधूचा असल्याने पाहुण्या स्त्रियांनी तो टाळावा, आणि वधूच्या करवल्यांचा, म्हणजे ब्राइड्समेडचा, रंग कोणता आहे हे आधी विचारून तोही टाळावा. ख्रिस्ती लग्नात साडी कशी दिसेल, अशी शंका अनेक मराठी स्त्रियांच्या मनात असते. तेथे साडी मनापासून नावाजली जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. फक्त ती नाचता येईल अशी, पोटरीवर न अडखळणारी नेसावी, कारण जोडप्यांच्या रांगेने मंडपभर फिरण्याच्या वेडिंग मार्चमध्ये पाहुण्यांनाही हाताला धरून ओढले जाते.

किनाऱ्यावरील लग्ने बाणावली, वार्का, मोरजी अशा ठिकाणच्या हॉटेलांत होतात. ती संध्याकाळची असतात, कारण सर्वांना सूर्यास्ताचे छायाचित्र हवे असते, आणि उन्हाळ्यात गोव्यात सूर्य पावणेसात ते सातच्या सुमारास मावळतो. पाहुणे मात्र पाच वाजल्यापासून वाळूवर बसलेले असतात, ऊन समोरून डोळ्यांवर येते आणि समुद्रावरून जमिनीकडे वारा वाहत असतो. त्या वाऱ्यात जॉर्जेटची साडी, तलम ओढणी आणि घेरदार हलका झगा सांभाळण्यातच सगळे लक्ष जाते. पदर खांद्यावर दोन ठिकाणी आणि कमरेजवळ एका ठिकाणी टाचावा, झग्याच्या घेराला आतून थोडी जाड पट्टी शिवून घ्यावी.

दुसरी पायरी: कापड हातात घेऊन पारखा

हाच खरा कळीचा भाग आहे आणि येथेच सर्वांत जास्त फसवणूकही होते. हवेतील ओलावा ठराविक असताना सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के, रेशीम सुमारे ११ टक्के आणि लिनन सुमारे १२ टक्के ओलावा धरतो; पॉलिएस्टरचे हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. म्हणजे पॉलिएस्टर घाम आत घेत नाही. घट्ट विणलेल्या पॉलिएस्टरखाली तो त्वचेवरच साचून राहतो. मात्र रेशीम ओलावा धरते म्हणून जाड रेशमी साडी गोव्यात चालेल, असा निष्कर्ष काढू नये. पैठणी किंवा कांजीवरमची वीण घट्ट असते, जर भरपूर असते, वजन खूप असते आणि त्यामुळे हवा आतबाहेर खेळत नाही. धागा कोणता याच्या इतकेच वीण किती विरळ, हेही महत्त्वाचे आहे.

या दोन्ही कसोट्यांवर माझ्या मते सर्वांत वरचे स्थान बारीक सुताच्या हातमाग साडीचे आहे. मलमल, जामदानी, मंगळगिरी यांपैकी कोणतीही साडी दुपारच्या लग्नाला शोभते, आणि काठाला थोडी जर असली की ती साधी दिसत नाही. त्याखालोखाल चंदेरी आणि माहेश्वरी, कारण यांत रेशमाच्या उभ्या धाग्याबरोबर सुताचा आडवा धागा वापरण्याची पद्धत असल्याने रेशमाची चमक मिळते आणि सुताचा हलकेपणाही टिकतो. कोटा डोरिया तर उन्हाळ्यासाठीच जन्मली असावी, इतकी तिची चौकड्यांची वीण मोकळी असते. फक्त ती पारदर्शक असल्याने परकराचा रंग साडीशी जुळणारा हवा. इरकलमध्ये अंगाचे कापड सुती घेतले आणि पदर रेशमी असला, तर ती मराठी लग्नात भरदार दिसते आणि अंगावर जड होत नाही. लिनन चुरगळते, ही तक्रार खरी आहे, परंतु लिननच्या चुण्या वाईट दिसत नाहीत, घामाचे डाग दिसतात.

गोव्याच्या लग्नात गोव्याचेच काही नेसायचे असेल तर कुणबी साडीचा विचार अवश्य करावा. लाल चौकड्यांची ही जाड सुती साडी येथील गावडा आणि कुणबी स्त्रियांची होती, ती जवळजवळ विस्मरणात गेली होती आणि कोलवाळ येथे राहिलेले दिवंगत वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१० च्या सुमारास तिला नव्या रूपात पुन्हा लोकांसमोर आणले. आज ती हलक्या सुतात, वेगवेगळ्या रंगांत मिळते. ज्या समाजाने शेतात राबताना ही साडी नेसली, त्याच्याविषयी आदर ठेवून ती नेसावी, वेषांतर म्हणून नेसू नये, एवढीच माझी विनंती आहे.

आता फसवणुकीविषयी. दुकानात सेमी लिनन, आर्ट सिल्क, कॉटन सिल्क, लिनन लुक अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या साड्यांत पॉलिएस्टर किती आहे, हे नुसत्या नावावरून कळत नाही. पुढील दोन परीक्षा कोणालाही करता येतात. कापडाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. धुतलेल्या सुती कापडात तो क्षणात मुरून पसरतो, तर पॉलिएस्टरवर तो काही वेळ मण्यासारखा टिकून राहतो. नव्या, खळ असलेल्या कापडावर ही परीक्षा थोडी फसवी ठरते, म्हणून दुसरी परीक्षा अधिक भरवशाची आहे. दुकानदाराला सांगून साडीच्या टोकाच्या दशांतून एक आडवा आणि एक उभा धागा मागून घ्यावा आणि बाहेर येऊन काडेपेटीने पेटवावा. सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ राखाडी राख होते. रेशीम पेटताना केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेला काळा गोळा बोटांनी चुरडला जातो. पॉलिएस्टर जळताना वितळते आणि त्याचा कडक मणी तयार होतो, जो नखाने फुटत नाही. दोन्ही धागे वेगवेगळे तपासणे आवश्यक आहे, कारण अनेकदा उभा धागा एक आणि आडवा दुसराच असतो. शुद्ध रेशीम म्हणून जास्त किंमत देत असाल तर सिल्क मार्कची चिठ्ठी पाहावी.

घरातील भरजरी पैठणी नेसण्याची इच्छा अगदी स्वाभाविक आहे आणि ती मारावी असे मी म्हणणार नाही. ती संध्याकाळच्या, वातानुकूलित सभागृहातील स्वागत समारंभासाठी राखून ठेवावी. दुपारच्या मुहूर्ताला दुसरी साडी नेसली तर त्यात मानपानाचा काही प्रश्न येत नाही. गोव्यातील घरच्या स्त्रियाही एका दिवसात दोनदा साड्या बदलतात.

तिसरी पायरी: आतल्या कपड्यांकडे साडीइतकेच लक्ष द्या

साडी कितीही हलकी असली तरी ब्लाउज आणि परकर चुकले तर सगळे व्यर्थ जाते. ब्लाउज हा अंगाला सर्वांत घट्ट बसणारा कपडा, म्हणून घाम प्रथम तेथे येतो. शिंप्याला कापड देताना अस्तर कोणते घालणार, हे स्वतःहून विचारावे. विचारले नाही तर पुष्कळदा हाताशी असलेले क्रेप किंवा सॅटिन लावले जाते. अस्तरासाठी मऊ मलमल किंवा टू बाय टू कापड द्यावे, ते आधी पाण्यात भिजवून आटवून घ्यावे आणि त्याचा रंग जात नाही याची खात्री करावी. गडद रंगाचा ब्लाउज फिकट साडीवर घालायचा असेल तर पांढऱ्या ओल्या रुमालाने त्याचे कापड जोराने घासून पाहावे. रुमालावर रंग आला तर तो ब्लाउज गोव्यात घालू नये. मावसबहिणीच्या पैठणीचे नुकसान या दोन मिनिटांच्या परीक्षेने टळले असते.

काखेची शिवण थोडी सैल ठेवावी आणि तेथे सुती काखपट्ट्या आतून टाचून घ्याव्यात. बाजारात चिकटवायच्या स्वेट पॅडही मिळतात, परंतु ओल्या हवेत त्यांचा गोंद सुटतो असा माझा अनुभव आहे. पॅडेड ब्लाउज उन्हाळ्यात शक्यतो टाळावा, कारण त्यातील स्पंज एकदा भिजला की दिवसभर वाळत नाही.

परकर सुती असावा. साडी चापूनचोपून बसावी म्हणून हल्ली अंगाला घट्ट बसणारे ताणदार परकर वापरले जातात, पण ते बहुतेक नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे असतात आणि मांड्यांना हवा लागू देत नाहीत. मांड्या घासून लाल होत असतील तर सुती परकराखाली गुडघ्यापर्यंतची सुती तुमान घालावी. नाडी रुंद घ्यावी. बारीक नाडी घामाने कमरेत रुतते आणि तेथे घामोळे येते.

चौथी पायरी: रंग

रंगाविषयी फार लांबण लावण्याचे कारण नाही. हिंदू लग्नात संपूर्ण काळा आणि संपूर्ण पांढरा रंग टाळावा, पिवळा आणि हिरवा हे वधूचे रंग असल्याने अगदी तशाच छटेची साडी नेसू नये आणि फिकट रंगांना दिवसा प्राधान्य द्यावे. एक गोष्ट मात्र क्वचितच कोणी सांगते. घामाचा ओला डाग राखाडी, आकाशी आणि फिकट हिरव्या रंगांच्या एकरंगी कापडावर सर्वांत उठून दिसतो, आणि बारीक छापील नक्षी, चौकड्या, गडद निळा किंवा पांढऱ्याला जवळचा हस्तिदंती रंग यांवर तो फारसा दिसत नाही. पुरुषांनी तर सदरा किंवा कुर्ता घेताना हे अवश्य ध्यानात ठेवावे.

पाचवी पायरी: पुरुषांचा पोशाख

पुरुषांच्या बाबतीत उन्हाळ्याचा विचार कोणी करत नाही आणि मग त्यांना मे महिन्यात तीन तुकड्यांच्या सूटमध्ये घामाघूम झालेले पाहावे लागते. हिंदू लग्नासाठी सुती किंवा लिननचा कुर्ता, खाली सैल पायजमा आणि वर हवी असल्यास अस्तर नसलेली बंडी, हा सर्वांत सोयीचा पोशाख आहे. चुडीदार पोटऱ्यांना आवळतो, म्हणून तो संध्याकाळसाठी ठेवावा. धोतर नेसता येत असेल तर त्याहून थंड काही नाही. शिवलेले धोतर घेतल्यास ते सुती आहे ना, हे तपासावे, कारण तयार मिळणारी बरीच धोतरे चमकदार कृत्रिम कापडाची असतात. कुर्त्याखाली बिनबाह्यांचा सुती बनियन घालायला हवा. उकाड्यात आणखी एक थर कशाला, असे वाटते खरे, परंतु तो घाम शोषून घेतो आणि कुर्ता पाठीला चिकटत नाही. सोबत एक जादा बनियन ठेवून दुपारी जेवणानंतर बदलला की संध्याकाळपर्यंत ताजेतवाने वाटते.

ख्रिस्ती लग्नात पुरुष मंडळी उन्हाळ्यातही सूट घालतात आणि पाहुण्यानेही तेथे नीटनेटके दिसणे अपेक्षित असते. ब्लेझर घेताना त्याची आतील बाजू उलटून पाहावी; पूर्ण अस्तर लावलेल्या ब्लेझरचे अस्तर बहुधा पॉलिएस्टरचेच असते, म्हणून पाठीला अस्तर नसलेला किंवा अर्धे अस्तर असलेला ब्लेझर निवडावा. चर्चमध्ये जाताना तो हातात न्यावा, आत बसल्यावर घालावा आणि स्वागत समारंभात टोस्ट झाला की काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला तरी कोणी वावगे मानत नाही.

मुलांसाठी एकच सूचना पुरेशी आहे: जरीची टोचणारी बाजू अंगाला लागता कामा नये. परकर-पोलक्याला आतून मलमलीचे अस्तर लावावे आणि पिशवीत सुती झबले किंवा सदरा ठेवावा.

सहावी पायरी: पायांत, गळ्यात आणि केसांत

वाळूत आणि हिरवळीवर टोकदार टाचा रुततात, म्हणून रुंद टाचेची किंवा सपाट पादत्राणे घालावीत. कोल्हापुरी चप्पल लग्नाला अतिशय शोभून दिसते, परंतु ती कमावलेल्या चामड्याची असल्याने समुद्राच्या पाण्यात किंवा पावसात भिजली की आकार सोडते; किनाऱ्यावर जाताना ती घालू नये. देवळात पादत्राणे काढायची असतात, तेव्हा बंदांची आणि बकलांची पादत्राणे नकोत. शेकडो जोडांत आपला जोड ओळखता यावा म्हणून त्याला एखादी खूण करून ठेवणेही सोयीचे जाते.

दागिन्यांत गळ्याला घट्ट बसणारी चिंचपेटी आणि ठुशी उन्हाळ्यात फार त्रास देतात, कारण त्यांच्याखाली घाम साचतो आणि कृत्रिम धातू असेल तर पुरळ उठते. त्याऐवजी मोहनमाळ किंवा मोत्यांचा लांब सर घालावा. अत्तर साडी नेसण्यापूर्वी अंगाला लावावे, जरीवर कधीही फवारू नये.

केसांसाठी गोव्यात अबोलीचा वळेसर मिळतो आणि तो अवश्य माळावा. अबोलीला वास नसतो, पण ती उन्हात मोगऱ्याइतक्या लवकर कोमेजत नाही, आणि अंबाड्याभोवती तिचा केशरी रंग सुती साडीला जी शोभा आणतो तिची बरोबरी कशालाही येत नाही. सुगंध हवा असेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला सुरंगीचे वळेसर बाजारात येतात. त्यांचा वास उग्र असतो, म्हणून डोकेदुखीचा त्रास असणाऱ्यांनी आधी हुंगून पाहावे.

सातवी पायरी: हळद, रोस आणि वळवाचा पाऊस

लग्नाआधीच्या विधींना बोलावले असेल तर त्यासाठी वेगळा, जुना आणि सुती कपडा न्यावा. हळदीला तर हे सर्वांना ठाऊक असते. ख्रिस्ती घरांतील रोसच्या समारंभाला मात्र नवखे पाहुणे चांगले कपडे घालून जातात आणि पस्तावतात. रोस म्हणजे नारळाचा रस. तो वधूला किंवा वराला अंगभर लावला जातो, त्याबरोबर तेलही असते आणि थट्टामस्करीत ते पाहुण्यांच्याही अंगावर उडते. नारळाच्या दुधाचा आणि तेलाचा डाग रेशमावर पडला तर घरी निघत नाही.

गोव्यात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, परंतु मे महिन्याच्या उत्तरार्धात वळवाच्या सरी कधीही कोसळतात. तेव्हा जांभ्या दगडाची लाल माती चिखल होऊन साडीच्या काठाला आणि पायजम्याच्या घोळाला लागते. त्या दिवसांत काठ गडद रंगाचा असावा आणि साडी घोट्याच्या किंचित वर नेसावी. प्रवासाचाही विचार करावा: उत्तरेकडील मोपा विमानतळावर उतरून दक्षिण गोव्यातील लग्नाला जायचे असेल तर गाडीत दोन तास सहज जातात, म्हणून लग्नाचा पोशाख प्रवासात घालू नये.

आठवी पायरी: घरी एकदा नेसून पाहा

निघण्यापूर्वी निदान एक आठवडा आधी ठरवलेला संपूर्ण पोशाख, ब्लाउज, परकर, दागिने आणि चपलांसह घालावा आणि दुपारच्या वेळी पंखा बंद करून तासभर घरात वावरावे, दोनदा जिना चढावा, मांडी घालून जमिनीवर बसावे आणि उठावे. जे टोचते, आवळते किंवा घसरते ते या तासात कळते आणि दुरुस्तीला वेळ उरतो. सुती साडीला खळ हलकी द्यावी. गोव्यात उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ पाण्यात मिसळून साडीला देतात. जाड खळ दिलेली साडी सकाळी कागदासारखी ताठ दिसते आणि ओल्या हवेत दुपारपर्यंत जागोजाग मोडते.

पिशवीत सेफ्टी पिना, दोन सुती रुमाल, मोजे, जादा बनियन किंवा ब्लाउज, पाण्याची बाटली आणि घडीची छत्री असावी.

परतल्यावर

लग्नाहून आल्यावर साडी लगेच घडी करून ठेवू नये. घामाचा ओलावा आणि क्षार कापडात असतात आणि त्यांनी जर काळी पडते. साडी रात्रभर सावलीत, वाऱ्यावर दोरीवर पसरून ठेवावी. सुती ब्लाउज त्याच रात्री गार पाण्यात बुडवावा. सोलकढीचा डाग ताजा असतानाच गार पाण्याने धुवावा. हळदीच्या डागाला साबण लावताच तो लाल होतो आणि माणूस घाबरतो, पण हळदीच्या रंगावर साबणाचा तसा परिणाम होतोच. सुती पांढरे कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवले की दोन-तीन दिवसांत तो डाग फिका होतो. लाल मातीचा चिखल ओला असताना चोळू नये, पूर्ण वाळू द्यावा, कुंच्याने झटकावा आणि मगच धुवावा. रेशमी साडीवरील कोणत्याही डागावर घरी प्रयोग न करता ती ड्रायक्लीनला द्यावी आणि डाग कशाचा आहे हे तेथे सांगावे.

गोव्यात राहणाऱ्यांनी उन्हाळ्यात वापरलेल्या रेशमी साड्या पावसाळ्यापूर्वी पूर्ण कोरड्या करून धुतलेल्या मलमलीत गुंडाळाव्यात, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत, कारण जून ते सप्टेंबर या काळात बंद कपाटात बुरशी धरते. पाऊस ओसरल्यावर, एखाद्या कोरड्या दिवशी, त्या उघडून घड्या बदलाव्यात, आणि जुनी घडी जेथे होती तेथे जर उसवली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे.